धुराची नळी आणि एंजिनाचा दम



एंजिनाविषयी बोलणं निघालं, की आपण बहुधा त्याच्या पोटात काय जातं याचाच विचार करतो. डिझेल किती खातं, ऑईल कोणतं घालायचं, हवेची जाळी साफ आहे की नाही, अशी चौकशी चालते. बाहेर काय पडतं आणि ते कसं पडतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. धूर काय, जाईल आपला वाटेनं, असं आपण म्हणतो. मग हाताशी असेल तो पाइपचा तुकडा जोडला जातो, सापडतील ते कोपरे बसवले जातात, आणि एंजिन पूर्वीसारखं ओढत नाही म्हणून पंपाला दोष दिला जातो.

वास्तविक एंजिन हा श्वास घेणारा प्राणी आहे. ज्याला श्वास नीट सोडता येत नाही, त्याला तो नीट घेताही येत नाही. धावून आलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवून पाहा, म्हणजे पटेल. आज आपल्याला पाहायचं आहे ते एवढंच: एंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी ही नुसती मोरी नाही. तिची लांबी, तिचा व्यास, तिची वळणं आणि तिचे जोड यांवर एंजिनाची ताकद आणि तुमचं इंधन अवलंबून असतं. विहिरीतल्या एंजिनाच्या बाबतीत तर माणसाचा जीवसुद्धा.

आधी एंजिनाच्या पोटात थोडं डोकावू. चार स्ट्रोकच्या एंजिनात दट्ट्या, म्हणजे आपण ज्याला पिस्टन म्हणतो तो, चार खेपा करतो. पहिल्या खेपेला खाली जाताना ताजी हवा आत घेतो. दुसरीला वर येताना ती दाबतो. तिसरीला इंधन जळतं आणि दट्ट्या जोरानं खाली ढकलला जातो. काम मिळतं ते याच खेपेला. चौथीला तो वर येताना जळून गेलेला वायू बाहेर लोटतो. या जळक्या वायूला आपण सोयीसाठी धूरच म्हणू.

आता गंमत पाहा. चौथ्या खेपेला दट्ट्या अगदी वर आला, तरी सिलिंडर पुरता रिकामा होत नाही. दट्ट्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. पेट्रोलवर चालणाऱ्या ज्या एंजिनात हवा नवापट दाबली जाते, त्यात भरलेल्या सिलिंडरच्या नवव्या हिश्शाइतकी जागा वर शिल्लक राहते, आणि त्या जागेत धूर कोंडलेला असतो. डिझेल एंजिनात हवा सतरा-अठरापट दाबतात, म्हणून तिथं ही जागा कमी असते. हा शिळा धूर आत राहिला, तर तेवढी ताज्या हवेची जागा अडते. शिवाय तो तापलेला असतो, त्यामुळे आत येणारी हवाही तापून फुगते आणि वजनानं कमी मावते. हवा कमी म्हणजे जळण कमी, आणि जळण कमी म्हणजे जोर कमी. तांब्यात कालचं पाणी तसंच ठेवून वर ताजं ओतलं, तर त्यात ताजं मावणार किती? तसंच हे.

सिलिंडरमधला हा शिळा धूर झाडून काढण्याच्या क्रियेला संमार्जन म्हणतात. संमार्जन म्हणजे झाडलोट. दट्ट्या ही झाडलोट पुरी करू शकत नाही, कारण तो सिलिंडरच्या माथ्याला टेकू शकत नाही. मग उरलेला केर काढायचा कोणी? हे काम धुराची नळी करू शकते, आणि तेही फुकटात. कसं, ते आता पाहू.

धूर सोडणारी झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तीन ते पाच पट असतो. साहजिकच धूर नळीत मुसंडी मारतो, आणि त्याच्यापुढे दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. लाट वेगळी आणि धूर वेगळा, हे ध्यानात ठेवायला हवं. रेल्वेच्या यार्डात एंजिन मालगाडीला धक्का देतं, तेव्हा 'खाड् खाड्' करीत तो धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पळत जातो. डबे मात्र हातभरच सरकतात. नळीतही तसंच होतं. धूर आपल्या चालीनं जातो आणि लाट त्याच्या पुढे धावते. साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तापलेल्या धुरात तो वाढतो आणि सेकंदाला ५०० मीटरच्या घरात जातो. लाटेचा वेग साधारण तोच.

ही लाट नळीच्या उघड्या तोंडाशी पोचली की काय होतं? जत्रेतला एक अरुंद बोळ डोळ्यांपुढे आणा. देवळाच्या दारापासून मैदानापर्यंत बोळात माणसं खेटून चालली आहेत. पुढची माणसं मैदानात पोचली की चहूकडे पांगतात. त्यांच्या मागच्यांना एकदम मोकळी जागा मिळते, ते झपाट्यानं पुढे होतात. मग त्यांच्या मागं जागा होते, आणि अशी ही मोकळीक एकेका रांगेतून मागं मागं सरकत थेट देवळाच्या दारापर्यंत येते. माणसं गेली पुढे, मोकळीक आली मागे. नळीतही हेच घडतं. दाबाची लाट तोंडाशी येऊन पांगते आणि तिच्या जागी ओढीची, म्हणजे कमी दाबाची लाट उलट पावली सिलिंडरकडे निघते. ही ओढ सिलिंडरशी पोचली तेव्हा जर झडप उघडी असेल, तर आत दडलेला धूर ती बाहेर खेचते. त्याच वेळी हवेची झडपही थोडी उघडलेली असेल, तर ताजी हवा त्या ओढीनं दट्ट्या खाली जाण्याआधीच आत शिरू लागते. आणि बोळाच्या टोकाला मैदानाऐवजी बंद फाटक असेल तर? मग गर्दी फाटकावर आदळेल आणि धक्क्याच्या बदल्यात धक्काच मागं येईल. ही गोष्टही लक्षात असू द्या; ती पुढे कामाला येणार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. सारख्या व्यासाच्या दोन प्लास्टिकच्या नळ्या घ्या, एक एक मीटरची आणि दुसरी अर्ध्या मीटरची. नळीच्या एका तोंडावर तळहातानं थापटी मारा आणि हात तिथंच ठेवा. लांब नळीतून जो 'धप्' असा सूर येईल, त्याच्यापेक्षा आखूड नळीचा सूर बरोबर एक सप्तक वर लागेल. शाळेत हार्मोनियम असेल तर ताडून पाहा. सूर चढतो याचं कारण एवढंच, की आखूड नळीत लाट लवकर जाऊन लवकर परत येते. मुलांना सांगा, की एंजिन तयार करणारे अभियंते धुराच्या नळीची लांबी ठरवतात ती याच तत्त्वावर. ते नळी सुरात लावतात म्हटलं तरी चालेल.

पण सूर लावायचा म्हणजे वेळ साधायला हवी. इथंच थोडं गणित येतं. ते अवघड नाही. मिनिटाला ६००० फेरे घेणारं मोटारसायकलचं एंजिन घ्या. त्याचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. नळी ८० सेंटिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून किंचित अधिक असेल, तर लाटेला जाऊन येऊन १६० सेंटिमीटर तोडायचे आहेत. सेकंदाला ५०० मीटर या वेगानं त्याला सेकंदाचे ३.२ सहस्रांश लागतात. तेवढ्यात एंजिनाचा जवळजवळ एक तृतीयांश फेरा होतो. झडप पुरती उघडून जोराची लाट निघायला थोडा वेळ जातो, आणि परतलेली ओढ काही क्षणात संपणारी नसते. म्हणून दट्ट्या वर येईपर्यंत ती पुरते आणि काम साधतं.

आता तीच ८० सेंटिमीटरची नळी मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या एंजिनाला लावा. लाटेला वेळ तितकाच लागेल. पण तेवढ्यात एंजिनाचा जेमतेम बारावा हिस्सा फेरा होईल. पाहुणा जेवणाच्या वेळी यायचा, तो सकाळी चूल पेटायच्या आधीच येऊन गेला! तीच वेळ साधायची, तर या एंजिनाला नळी चौपट लांब, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास हवी. एंजिन जितकं संथ, तितकी नळी लांब, असा हा हिशेब आहे. आणि म्हणूनच एका विशिष्ट चालीला लाभणारी नळी दुसऱ्या चालीला लाभत नाही. ओढीच्या जागी अवेळी दाबाची लाट आली, तर ती निघालेला धूर उलट आत कोंबते.

ही विद्या आजकालची नाही. इंग्लंडात मँचेस्टरला क्रॉसली नावाचा एंजिनांचा कारखाना होता. त्या काळी तिथली गॅसवर चालणारी एंजिनं मोठी आणि संथ असत. मिनिटाला दीडदोनशे फेरे ही त्यांची चाल. जेम्स अ‍ॅटकिन्सन या अभियंत्यानं १८९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या एंजिनाला सुमारे ६५ फूट लांब धुराची नळी जोडली. हेतू हाच, की धुराचा लांबच लांब स्तंभ एकदा वेगानं निघाला, की तो आपल्या मागं ओढ निर्माण करील आणि सिलिंडर धुऊन काढील. आपण आत्ता केलेला हिशेब पाहिला, म्हणजे इतकी लांबी का लागली याचं नवल वाटणार नाही.

लांबीनंतर व्यास. पुष्कळांना वाटतं, नळी जितकी रुंद तितकं चांगलं. काही जण याच्या अगदी उलट सांगतात, की एंजिनाला मागून थोडा दाब लागतोच. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. नळी अरुंद असेल तर धूर अडतो आणि दट्ट्याला तो रेटण्यात ताकद खर्च करावी लागते. ती ताकद तुमच्या पंपातून किंवा चाकातून वजा होते. नळी गरजेपेक्षा रुंद असेल तर धूर सुस्तावतो, त्याचा वेग मोडतो आणि त्याच्यामागं निर्माण होणारी ओढ मंदावते. पाटाचं पाणी पहा. बेताच्या रुंदीच्या पाटात ते पळतं, गाळ वाहून नेतं. तोच पाट दुप्पट रुंद केला तर पाणी रेंगाळतं आणि गाळ बसतो. म्हणजे एंजिनाला हवा असतो तो धुराचा वेग. मागचा दाब त्याला कधीच नको असतो. रुंद नळी लावल्यावर संथ चालीला जोर घटतो तो वेग मोडल्यामुळे. दाब कमी झाला म्हणून नव्हे.

एका सिलिंडरचं असं, तर चार सिलिंडरांचं कसं? मोटारीच्या आणि पुष्कळ ट्रॅक्टरांच्या एंजिनात चार सिलिंडर आळीपाळीनं पेटतात. साधारणपणे क्रम असतो पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. चारांचा धूर एकाच आखूड ओतीव नळीत सोडला, तर एक अडचण येते. पहिल्या सिलिंडरची झाडलोट संपत आलेली असते, त्याची झडप अजून किंचित उघडी असते, तेवढ्यात तिसऱ्याची झडप उघडते आणि त्याची जोरदार लाट शेजारच्या पहिल्यात घुसते. एकाच्या ओटीवरचा केर दुसऱ्याच्या माजघरात! यावर उपाय म्हणून शर्यतीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, सारख्या लांबीची नळी देतात आणि पुढे त्या चारही एकत्र आणतात. या जुडग्याला हेडर म्हणतात. कधी चारांची थेट एक नळी करतात, तर कधी आधी पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावून दोन नळ्या करतात आणि मग दोनांची एक. जोड्या अशाच का? तर या जोडीदारांच्या पेटण्यात बरोबर एका पूर्ण फेऱ्याचं अंतर असतं, त्यामुळे एकाची लाट दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. चारांची थेट एक केली तर जोर मिळतो तो वरच्या चालीला. मधल्या जोड्या ठेवल्या तर मधल्या चालीला ओढ बरी मिळते. रस्त्यावरच्या गाडीला हेच सोयीचं.

या नळ्या एकत्र कशा आणाव्यात, तेही शेतकऱ्याला सांगायला नको. एक पाट दुसऱ्याला काटकोनात मिळाला, तर पाणी आदळतं, उसळतं आणि फुगवटा येतो. तिरका, वाहत्या दिशेनं मिळाला, तर दोन्ही प्रवाह हातात हात घालून पुढे जातात. इतकंच नव्हे तर वेगानं जाणारा प्रवाह शेजारच्याला थोडा ओढूनही नेतो. धुराच्या नळ्यांचंही तंतोतंत तसंच.

संमार्जनाचा खरा कस लागतो तो दोन स्ट्रोकच्या एंजिनात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर, जावा आणि येझदी मोटारसायकली, पुण्याची लूना, यांची एंजिनं याच जातीची. त्यांच्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, आणि दट्ट्या खाली-वर होताना त्या उघडतो नि झाकतो. धूर लोटायला स्वतंत्र खेप नाही. धूर जायचा आणि ताजा माल यायचा, ते जवळजवळ एकाच वेळी. एस. टी.च्या एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकदम घुसले म्हणजे जे होतं, तेच इथं होतं. उतरणाऱ्यांबरोबर काही चढणारेही खाली लोटले जातात. म्हणजे ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. पाचव्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही अधिक.

यावर नळीचीच तोड निघाली. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी एम. झेड. या कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे अभियंते होते. नळीच्या मध्यभागी फुगवटा दिलेली धुराची नळी जर्मनीत आधीच वापरात येऊ लागली होती. काडेन यांनी १९५३ नंतरच्या वर्षांत ती प्रयोगानं पूर्णत्वाला नेली. तिचा आकार असा: नळी आधी हळूहळू रुंद होत जाते, मग पुन्हा अरुंद होते आणि शेवटी एक बारीक तोंड राहतं. आता आपला जत्रेतला बोळ आठवा. रुंद होणारा भाग म्हणजे मैदान. तिथून ओढ परत येते आणि सिलिंडर झाडून काढते. अरुंद होणारा भाग म्हणजे अर्धवट लावलेलं फाटक. तिथून धक्का परत येतो, आणि निसटून नळीत आलेला ताजा माल खिडकी मिटण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. ना झडप, ना पंखा, ना कुठला हलणारा भाग. नुसता वाकवलेला पत्रा! १९६१ साली काडेन यांच्या १२५ सी.सी.च्या एंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. बाहेरून हवा कोंबणारं कुठलंही यंत्र न लावता असं तोवर कोणाला जमलं नव्हतं.

या पत्र्याची किंमत किती, हे त्याच वर्षी दिसलं. एम. झेड.चा स्वार एर्न्स्ट डेग्नर सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला, पूर्व जर्मनीला परतला नाही, आणि जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. जाताना त्यानं एंजिनाचं ज्ञान बरोबर नेलं. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीवर बसून त्यानं ५० सी.सी. वर्गाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. दोन स्ट्रोकच्या एंजिनाला मिळालेलं ते पहिलं जागतिक विजेतेपद. काडेन मात्र आपल्या जुन्या कारखान्यातच काम करीत राहिले.

शर्यतीत हे जमलं, पण रस्त्यावर दर वेळी चाल तीच कशी राहणार? गर्दीत, चढावर, खड्ड्यांत चाल बदलते आणि लाटेची वेळ चुकते. तेलमिश्रित, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा निळा धूर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक होत गेले आणि दोन स्ट्रोकच्या स्कूटर-मोटारसायकली आपल्या बाजारातून मागं पडल्या. संमार्जन अपुरं पडलं म्हणून एंजिनांची एक अख्खी जात दुचाकीवरून उतरली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या तरुण मित्रांना चार शब्द. मोटारसायकलचा सायलेन्सर कापला किंवा आतली जाळी काढली, की आवाज वाढतो आणि जोरही वाढल्यासारखा वाटतो. आवाज म्हणजे जोर नव्हे, मंडळी. रिकामं पिंपही मोठ्यानं वाजतं. कारखान्यानं नळीची लांबी, सायलेन्सरमधले कप्पे आणि इंधनाचं प्रमाण यांचा एकमेकांशी मेळ घातलेला असतो. त्यातला एक तुकडा उपटला, की बहुतेक वेळा रोजच्या वापराच्या चालीला ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. आजच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारं पात्रही याच नळीत असतं. ते काढणं कायद्याविरुद्ध आहे आणि गावाच्या फुप्फुसाविरुद्धही. असे कर्कश सायलेन्सर जप्त करून महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी त्यांच्यावर रोड रोलर फिरवले आहेत.

शेवटी येऊ आपल्या विहिरीवर. खडकीचं किर्लोस्कर असो की साताऱ्याचं कूपर, शेतीच्या डिझेल एंजिनानं आपल्याकडे पिढ्यान्‌ पिढ्या पाणी उपसलं. आज वीज आली, सौर पंप आले. तरी वीज नसते तेव्हा डिझेल एंजिनच धावून येतं. या एंजिनात दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ थोडा असतो, म्हणून लाटेच्या ओढीचा फायदाही थोडाच. इथं महत्त्वाचं आहे ते एकच: धुराची वाट अडवू नका.

वाट कशी अडते, त्याचे तीन हिशेब सांगतो. पहिला व्यासाचा. तितकाच धूर तितक्याच लांबीतून नेताना दोन इंची नळीऐवजी दीड इंची वापरली, तर घर्षणाचा अडथळा चौपटीहून अधिक होतो. अर्ध्या इंचाची ही काटकसर वर्षभर डिझेलमध्ये भरावी लागते. दुसरा कोपऱ्याचा. दोन इंची नळीचा एक तोकडा काटकोनी कोपरा सुमारे ५ फूट सरळ नळीइतका अडथळा करतो. चार कोपरे लावले, तर न दिसणारी २० फूट नळी तुम्ही जोडलीत. म्हणून कोपऱ्याऐवजी लांब बाक द्या. तिसरा काजळीचा. दोन इंची नळीत आतून पाव इंच काजळी धरली, तर दोन्ही बाजू मिळून अर्धा इंच गेला, आणि न बदलता तुमची नळी दीड इंची झाली. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नळी उतरवून, ठोकून, घासून साफ करा. एंजिन काळा धूर ओकू लागलं, गरम राहू लागलं, भार घेईनासं झालं, तर हवेच्या जाळीबरोबर धुराची नळीही तपासा. कारखान्यानं दिली असेल त्यापेक्षा लांब नळी न्यायचीच असेल, तर व्यास एक माप वाढवून घ्या.

आणि लांब नळी न्यावी लागते ती मुख्यतः विहिरीत. पंप पाणी वर खेचतो ते प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास. त्याखाली पाणी गेलं, की लोक एंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवतात. तिथं धुराची नळी आखूड ठेवली, तर धूर विहिरीतच साचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोल किंवा रॉकेलच्या एंजिनाच्या मानानं कमी असतो. पण नळी अडलेली, एंजिनावर भार जास्त आणि जागा कोंडलेली असली, की तो वाढतो, आणि बरोबर प्राणवायूही संपत जातो. डोकं दुखतं, चक्कर येते, पाय लटपटतात, आणि माणूस ओरडायच्या आत बसल्या जागी कलंडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथंच पडतो. अशा विहिरींतून एकाच घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

म्हणून हे पक्कं बांधून ठेवा. विहिरीतल्या एंजिनाची नळी काठाच्या वर, वाऱ्याच्या झोतात गेलीच पाहिजे. रुंद, कमी वळणांची, आणि जोडांतून न गळणारी. एंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना खाली उतरू नका. खाली दिवा जळतो, म्हणून हवा चांगली आहे असं समजू नका. दिवा प्राणवायूची कमतरता दाखवील, पण या विषाची वर्दी देणार नाही. कोणी खाली पडलाच, तर उडी घेऊ नका. माणसं जमवा, दोर लावा, आणि हवेची सोय करूनच पुढचं पाऊल टाका. बंद खोलीत जनित्र चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शिक्षकांनी एवढं जरी मुलांना शिकवलं, तरी आजचं भाषण कारणी लागलं असं मी समजेन.

शर्यतीतल्या स्वाराला नळीनं विजेतेपद दिलं. आपल्याला ती दोन पैशांचं डिझेल वाचवील आणि घरचा माणूस घरी परत पाठवील. तेव्हा उद्या एंजिनाला हॅंडल मारण्याआधी एकदा त्या काळ्या नळीकडेही बघा.